वर्दीवर हुकूम ऐकावा की मनाचे?

अग्निशमन दलात नुकत्याच रुजू झालेल्या सोलापूरच्या एका तरुण फायरमनने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रशिक्षणात ‘अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय एक पाऊलही टाकायचे नाही’ असे शिकवले गेले. केंद्रावरील जुने सहकारी मात्र सांगतात की आगीत पुस्तक चालत नाही, मन काय सांगते तेच चालते. प्रत्यक्ष वर्दीवर, म्हणजे आगीची खबर आल्यावर घटनास्थळी, हुकूम एक आणि मन दुसरेच सांगू लागले, तर कोणाचे ऐकायचे? आणि अधिकाऱ्याने ऐकूनच घेतले नाही तर?

मी ३१ वर्षे ही नोकरी केली, त्यातील बहुतेक याच शहरात. फायरमन म्हणून लागलो आणि स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे हुकूम घेणारा आणि हुकूम देणारा अशा दोन्ही बाजूंनी हा प्रश्न मला पडलेला आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. ‘मनाचे ऐकावे का’ असे विचारण्यापूर्वी मन काय म्हणते आहे ते पाहावे, कारण आगीच्या जागी मन दोनच गोष्टी सांगते: एक, ‘येथून बाहेर पड’ आणि दुसरी, ‘आत जा’. पहिलीसाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. ओरडून सोबत्यांना सांगावे आणि बाहेर पडावे. दुसरीसाठी मात्र परवानगी घ्यावीच घ्यावी, मग मन कितीही ओढ घेवो. या दोन्हींना एकाच मापाने मोजल्यामुळे आपल्या खात्यात पुष्कळ वाद होतात, आणि मधूनमधून माणसेही जातात.

आता हे मन म्हणजे काय, ते एका वर्दीवरून सांगतो. रात्री तीनच्या सुमारास टॉवेलच्या एका गोदामाला आग लागल्याची वर्दी होती. आम्ही पोचलो तेव्हा शटर खाली होते, बाहेर ज्वाळा नव्हत्या, आतून आवाजही नव्हता. नवख्याला वाटावे की आग विझत आली आहे. मी कुलूप तोडून शटर वर घेण्याचा हुकूम दिला. दोघे पहार घेऊन पुढे झाले, तेवढ्यात पंपाच्या पॅनलजवळ उभा असलेला आमचा चालक, वयाने माझ्याहून मोठा, तेथूनच म्हणाला, “साहेब, शटर श्वास घ्यायलंय की. नका उघडू.” हुकूम दिल्यावर चालकाने मध्ये बोलावे याचा मला अर्धा क्षण रागच आला. मग मी खाली वाकून पाहिले. शटरच्या फटीतून पिवळसर करडा धूर जिभेसारखा बाहेर येत होता आणि दोन-तीन सेकंदांनी तोच धूर आत ओढला जात होता. शटरचा रंग फुगून त्याचे पापुद्रे निघाले होते. आत आग जिवंत होती. ती केवळ हवेवाचून गुदमरली होती, आणि आम्ही तिला एकदम शटरभर हवा द्यायला निघालो होतो. पहार खाली ठेवायला लावली, दोन्ही ब्रँचला, म्हणजे होजच्या तोंडाच्या नळ्यांना, पाणी भरून घेतले, आणि शिडी लावून मागच्या भिंतीवरचे उंच झरोके बाजूला राहून हुकाने फोडले. बाहेर आलेल्या धुराने मोकळ्या हवेत धप्पकन पेट घेतला आणि दोन पुरुष उंचीची ज्वाळा काही वेळ भिंतीबाहेर उभी राहिली. शटर उघडले असते, तर ती ज्वाळा पहार धरलेल्या त्या दोघांच्या तोंडावर आली असती.

गुदमरलेल्या आगीला एकदम हवा मिळून उडणाऱ्या अशा भडक्याला बॅकड्राफ्ट म्हणतात; त्या चालकाने हा शब्द कधी ऐकला होता का, मला ठाऊक नाही. पण त्याने शेकडो बंद शटरे पाहिली होती आणि हे शटर त्यांच्यासारखे वागत नव्हते, एवढे त्याला कळले. ज्याला आपण अंतर्मन म्हणतो ते बहुतेक वेळा एवढेच असते: पूर्वी पाहिलेल्याशी समोरचे न जुळणे. १९८० च्या दशकात गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अग्निशमन अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन नेमका हाच अभ्यास केला. अनुभवी अधिकारी आगीच्या जागी चार पर्याय मांडून त्यांची तुलना करत बसत नाहीत; प्रसंग ओळखीचा वाटतो आणि त्यासरशी पहिला योग्य उपाय सुचतो, असे त्यांना आढळले. त्यातील एका अधिकाऱ्याची हकिकत आपल्या धंद्यात बरीच सांगितली जाते. एकमजली घरातील स्वयंपाकघराच्या आगीवर पाणी मारूनही ती मागे हटेना, खोली अपेक्षेपेक्षा फार गरम होती आणि आवाज अपेक्षेपेक्षा फार कमी होता. त्याने सर्वांना तत्काळ बाहेर काढले आणि थोड्याच वेळात ते ज्या जमिनीवर उभे होते ती जमीन कोसळली. मुख्य आग खाली तळघरात होती आणि घराला तळघर आहे हेच कोणाला माहीत नव्हते. तो अधिकारी बरेच दिवस आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे असे समजत होता. शक्ती वगैरे काही नव्हती; कान आणि कातडी यांनी केलेला हिशेब होता, फक्त तो शब्दांत उतरायचा राहिला होता.

तथापि, या हिशेबाला मर्यादा आहेत, आणि जुने सहकारी त्या सहसा सांगत नाहीत. क्लाइन आणि मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांनी २००९ मध्ये मिळून लिहिलेल्या एका लेखात हे नेमकेपणाने मांडले आहे: अंतर्मनावर भरवसा तेव्हाच ठेवावा, जेव्हा समोरच्या गोष्टी काही नियमाने वागतात आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक हे आपल्याला वेळोवेळी कळत आलेले असते. मला सूत, चादरी, टॉवेल, पत्र्याचे शेड, सायझिंगचे, म्हणजे सुताला खळ देणारे, कारखाने यांची आग कळते, कारण सोलापुरात तेच पाहिले. गाठीचा वरचा थर विझला तरी आत दोन दिवस धुमसत राहते, यंत्रमागाच्या शेडमध्ये छताच्या कैच्यांवर साचलेल्या तंतूंवरून ज्वाळा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळते, भिजलेल्या कापडाचे वजन इतके वाढते की माडी खाली येते, हे सारे मला हाताने माहीत आहे. पण विजेवरच्या स्कूटरच्या लिथियम बॅटरीने पेट घेतला तर माझे मन मला काय सांगेल? काही तरी सांगेलच, मोठ्या आत्मविश्वासाने सांगेल, आणि ते बहुधा चुकीचे असेल. कारण विझली असे वाटलेली ही बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटते आणि असल्या आगीचा मला अनुभवच नाही. तुमची नोकरी नवीन आहे. तुमच्या मनाला अजून खाद्यच मिळालेले नाही. म्हणून तुमच्या मनात येते त्याला किंमत नाही असे मुळीच नाही, पण त्याची किंमत ठरवायला सध्या दुसरे कोणी तरी लागेल.

आता हुकमाकडे येतो. हुकमाची साखळी शिस्तीसाठी आहे असे परेडवर वाटते. वर्दीवर ती हिशेबासाठी असते. ४५०० लिटरची टाकी मिनिटाला ४५० लिटर सोडणाऱ्या एका ब्रँचला दहा मिनिटे पुरते. दुसरा बंब कोठे आहे, टँकर कोणत्या चौकात अडकला आहे, महावितरणने वीज तोडली की नाही, हे ब्रँच धरलेल्या माणसाला दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही. श्वसनयंत्राचा, म्हणजे आपल्या बीए सेटचा हिशेबही असाच आहे: ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारने भरलेली हवा म्हणजे १८०० लिटर, कागदावर मिनिटाला ४० लिटर धरून पाऊण तास होतो, पण घाबरलेला आणि राबणारा माणूस त्याहून पुष्कळ जास्त हवा ओढतो, आणि हवा संपत आल्याची शिट्टी वाजते तेव्हा ५०-५५ बारच उरलेले असतात. कोण किती वाजता आत गेला हे बाहेरच्या फळीवर लिहिलेले असते. न सांगता आत गेलेल्या माणसाचे नाव त्या फळीवर नसते, म्हणजे तो हरवला तरी हरवलेला धरला जात नाही. शिवाय एका बाजूने तुम्ही पाणी मारत असताना समोरच्या बाजूने कोणी उत्साहाने खिडकी फोडून पाणी सुरू केले, तर आग, वाफ आणि धूर सगळे तुमच्या अंगावर लोटले जातात. उकळत्या पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १७०० पट होते. ही वाफ कोठे जाणार याचा विचार एकाच डोक्याने करावा लागतो.

साखळी नसली की काय होते, याची आठवण आपण दर वर्षी १४ ते २० एप्रिल या अग्निशमन सेवा सप्ताहात करतो, फक्त या अंगाने करत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटके एकत्र होती. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मधल्या दोन तासांत जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, स्फोटकांचा लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचे अधिकारी असे सगळे तेथे होते; जहाज जागीच बुडवावे की बाहेर न्यावे की पाणी मारत राहावे, यावर प्रत्येकाचे मत होते, पण शेवटचा शब्द एकाचा नव्हता. आपले ६६ जवान त्या दिवशी गेले. ते पाणी मारत होते. त्यांच्या कामात कसूर नव्हती. घटनास्थळी कोण कोणाला हुकूम देणार हे आधीच ठरवणाऱ्या आजच्या इन्सिडंट कमांड पद्धतीत, आणि तिला धरून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, एका माणसाला एकच वरिष्ठ असावा आणि एका वरिष्ठाखाली साधारण पाच माणसे असावीत असा जो आग्रह आहे, तो अशाच दोन तासांतून आलेला आहे असे मी समजतो.

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय ‘आत जाण्यासाठी परवानगी’ हे माझे म्हणणे उपदेशासारखे वाटेल. नोकरीला चार वर्षे झाली होती. पूर्व भागातील एका अरुंद गल्लीत, खाली चार यंत्रमाग आणि वर कुटुंबाची राहण्याची जागा, अशा घराला आग लागली होती. सब ऑफिसरांचा हुकूम स्पष्ट होता: जिन्याच्या तोंडाशी ब्रँच धरून आग खालच्या मजल्यावरच अडवायची, दुसरा बंब येईपर्यंत बीए सेटशिवाय कोणी वर जायचे नाही. एक बाई माझा दंड धरून तेलुगूत ओरडत होती, “लोपल उन्नाडु! लोपल उन्नाडु!” तो आत आहे, एवढे तेलुगू सोलापूरकराला येतेच. मी ब्रँच मागच्या मुलाच्या हातात दिली, ओला टॉवेल तोंडाला बांधला आणि वर गेलो. ओल्या टॉवेलने कार्बन मोनॉक्साइड गाळला जात नाही, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले होते. दोन खोल्या चाचपडून झाल्या, तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्यावर गुडघे वाकले. खाली ६३ मिलिमीटरचा भरलेला होज एकट्या मुलाला आवरेना. ब्रँच भरकटली आणि जिना तापू लागला. मला आणण्यासाठी शिडीवरचे दोघे काम सोडून वर आले. शुद्ध आली तेव्हा मी समोरच्या घराच्या कट्ट्यावर होतो. बाई ज्याच्यासाठी ओरडत होती तो तिचा दीर चौकात गेलेला होता. आम्ही वळलो तेव्हा आमच्याच बंबाला हात करून गल्ली दाखवणारा माणूस तोच होता.

सब ऑफिसर रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारले, “तू वर आहेस हे मला कोण सांगणार होतं?” त्यांना सांगायला चार सेकंद लागले असते. ‘साहेब, बाई म्हणते माणूस वर आहे, मी जातो’ असे मी ओरडलो असतो तर त्यांनी कदाचित नाही म्हटले असते, कदाचित मागच्या गॅलरीला शिडी लावायला सांगितले असते, आणि कदाचित त्या दिराला चौकात पाहिलेल्या चालकानेच उत्तर दिले असते. माझ्या मनाने जे सांगितले त्यात वाईट काही नव्हते. पण माझ्या कानात एक बाई होती आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सगळी गल्ली होती.

अशा ओढीची मोठी किंमत ३ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील वूस्टर शहरात मोजली गेली. ओस पडलेल्या, जवळजवळ बिनखिडक्यांच्या शीतगृहाच्या इमारतीत दोन बेघर माणसे असतील म्हणून जवान आत शिरले. ती माणसे आधीच निघून गेलेली होती. धुरात दोन जवान हरवले. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी आणखी चार हरवले. त्यानंतर जिन्याच्या तोंडाशी उभे असलेले तेथील अग्निशमन दलाचे विभागप्रमुख माइक मॅकनॅमी यांनी दार अडवले आणि आता कोणीही आत जाणार नाही असा हुकूम दिला. समोर उभे असलेले सगळे आपल्या सोबत्यांसाठी आत जायला धडपडत होते, आणि सहा जण आत आहेत हे हुकूम देणाऱ्यालाही ठाऊक होते. हुकमाची साखळी हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर परेडचे मैदान येत नाही. त्या दारात आडवा उभा असलेला माणूस येतो. सोबत्याला आणायला जाऊ नका, हे माणसाचे मन स्वतःला कधीच सांगणार नाही. ते दुसऱ्या कोणी तरी सांगावे लागते. आपल्याकडे विहिरीत किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये एक बेशुद्ध झाला की दुसरा, तिसरा उतरतो आणि तिघेही जातात, तेही याच ओढीने.

येथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी हुकमाच्या बाजूचा आहे. तसे नाही. मी आज्ञाधारक राहिलो आणि त्याचा पश्चात्ताप अजून होतो, असाही एक प्रसंग आहे. जिल्ह्याबाहेर एका मोठ्या आगीत मदतीसाठी आमचा बंब गेला होता. तीन-चार ठिकाणची दले होती. कापसाच्या शेडची लांब भिंत, वर लोखंडी तुळया. मला दिसत होते की भिंतीचा वरचा भाग बाहेर ढकलला गेला आहे आणि प्लॅस्टरला आडवी चीर पडली आहे. दहा मीटरची लोखंडी तुळई साडेपाचशे अंशांपर्यंत तापली तर सहा सेंटिमीटरच्या आसपास वाढते. दोन्हीकडे भिंत असेल तर ती भिंतीलाच ढकलणार, आणि त्याच तापमानाला लोखंडाची ताकदही निम्म्यावर येते. हे मला माहीत होते. पण तेथले अधिकारी माझ्याहून वरच्या हुद्द्याचे होते, जागा त्यांची होती, आणि आपण पाहुणे आहोत, मध्ये कशाला बोलायचे, असे वाटून मी गप्प राहिलो. भिंत बाहेर पडली आणि तिच्या पायथ्याशी ब्रँच धरून बसलेल्या दुसऱ्या दलाच्या एका जवानाचा पाय गेला. चौकशीत मला कोणी काही विचारले नाही. विचारणार तरी कसे? मी पाहिले होते हे फक्त मलाच माहीत होते. मुंबईत काळबादेवीला ९ मे २०१५ च्या आगीत इमारत कोसळून ४ वरिष्ठ अधिकारी आपण गमावले, ते वृत्त ऐकले तेव्हा मला पहिल्यांदा ती चीर आठवली. तेथील निर्णयांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही; पण इमारत कोसळताना हुद्दा पाहत नाही, एवढे खरे.

म्हणून ‘बोलणे’ हे साखळीच्या विरुद्ध आहे, ही समजूत आधी मनातून काढा. साखळी दोन्हीकडे चालते: वरून हुकूम येतो तसे खालून दिसलेले वर जायला हवे, कारण चीर बहुधा खालच्याच माणसाला दिसते. इन्सिडंट कमांड पद्धतीत तर सुरक्षा अधिकाऱ्याला जिवावर बेतणारे काम जागच्या जागी थांबवण्याचा अधिकारच दिलेला आहे. त्यासाठी त्याने प्रमुखाची परवानगी आणायची नसते. आपल्या लहान दलांत असा वेगळा अधिकारी वर्दीवर क्वचितच असतो, तेव्हा ते काम प्रत्येकाच्या अंगावर येते. मात्र कसे बोलावे याला महत्त्व आहे. ‘साहेब, मला बरोबर वाटत नाही’ याने काही होत नाही. गोंगाटात, धुरात अधिकाऱ्याला तुमच्या वाटण्याचे काय करावे ते कळत नाही. ‘साहेब, उत्तरेच्या भिंतीला आडवी चीर आहे, भिंत बाहेर यायला लागली, ब्रँच मागे घ्या’ असे बोलावे: काय दिसले, काय होईल, काय करावे. आमच्या चालकाने अगदी हेच केले होते, फक्त त्याने ते सोलापुरीत आणि सहा-सात शब्दांत केले.

अधिकाऱ्यानेही या बाबतीत काही करावे लागते, आणि पुढे तुम्हीही अधिकारी व्हाल म्हणून लिहितो. त्या शटरनंतर मी एक सवय लावून घेतली: मोठा हुकूम देण्यापूर्वी ‘कोणाला काही वेगळे दिसते का?’ असे मोठ्याने विचारायचे आणि तीन सेकंद थांबायचे. पहिली काही वर्षे कोणी बोलले नाही. मग एकदा सर्वांत नवीन पोराने वरच्या मजल्यावरची हलणारी पडदावजा सावली दाखवली. ती सावली चादरीची निघाली. मी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि लोक बोलू लागले.

अपवाद आहेत, आणि तेही प्रामाणिकपणे सांगायला हवेत. २००८ मध्ये स्कॉटलंडमध्ये गॉल्स्टन येथे एक महिला खचलेल्या जुन्या खाणीच्या खड्ड्यात पडली. जवान तिला दोराच्या साहित्याने वर काढायला तयार होते, पण ते साहित्य दलाच्या जवानांच्या सुटकेसाठी आहे, नागरिकांच्या नव्हे, या नियमावर बोट ठेवून त्यांना थांबवले गेले. ती बाई सुमारे सहा तास खाली राहिली आणि वर काढल्यावर वाचली नाही. पुढे न्यायालयीन चौकशीत या पोथीनिष्ठेवर कडक ताशेरे ओढले गेले. याउलट अमेरिकेत १९९८ पासून लागू असलेला ‘दोघे आत, दोघे बाहेर’ हा नियम पाहा: दोन माणसे सज्ज होऊन बाहेर उभी असल्याशिवाय दोघांनी आत शिरू नये असे तो सांगतो, पण जीव वाचवण्याची तातडी असेल तर पूर्ण गट जमण्याची वाट न पाहण्याची मुभाही त्यातच ठेवलेली आहे. नियम लिहिणाऱ्याने मनाला जागा ठेवली की जवानाला नियम मोडावा लागत नाही. अशी जागा ठेवलेली नसेल आणि मिनिटे निघून चालली असतील, तर गॉल्स्टनमधील त्या जवानांनी काय करायला हवे होते? मला विचाराल तर त्यांनी आणि त्यांच्या अधिकाऱ्याने मिळून नियम मोडायला हवा होता. ‘मिळून’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो; नियम मोडायचा तर तोही साखळीने मोडावा.

एक उलटा प्रसंगही असतो: अधिकाऱ्याचे मन बरोबर सांगत असते आणि जवानांना त्याचा हुकूम वेडेपणाचा वाटतो. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतील मोंटाना राज्यात, मॅन गल्च या घळीत गवताची आग जवानांच्या मागे डोंगर चढत निघाली होती. त्यांचा म्होरक्या वॅग डॉज थांबला, त्याने काडी ओढून पुढचे गवत स्वतःच पेटवले आणि जळून गेलेल्या राखेत पालथे पडा असे सोबत्यांना ओरडून सांगितले. कोणीही थांबले नाही. १६ पैकी १३ जण मृत्यू पावले. डॉज त्या राखेत पडून जिवंत राहिला. त्याचे म्हणणे त्यांनी का ऐकले नाही, याची पुष्कळ कारणे दिली जातात; मला पटते ते असे की त्यांनी त्याच्यासोबत फारसे काम केलेलेच नव्हते. ज्याच्याबरोबर आपण रोज होज गुंडाळतो, ज्याच्या डब्यातली शेंगाचटणी आपण खातो, त्याने काही विचित्र सांगितले तर निदान क्षणभर तरी आपण थांबतो.

सोलापुरात हे का तातडीचे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत ८ जणांचा जीव गेला. तेव्हा मी सेवेत नव्हतो, त्यामुळे तेथील कामगिरीविषयी लिहिणे योग्य होणार नाही. पण कारखाना आणि राहणे एकाच आवारात, हे या शहराच्या अर्ध्या पेठांचे चित्र आहे. म्हणजे ‘आत कोणी आहे’ ही हाक तुम्हाला जवळजवळ प्रत्येक वर्दीवर ऐकू येईल, आणि पुष्कळदा ती खरीही असेल.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला: अधिकाऱ्याने ऐकून घेतलेच नाही तर? एकदा सांगितलेले पुन्हा एकदा सांगावे, आणि दुसऱ्या वेळी वॉकी-टॉकीवर सांगावे, म्हणजे नियंत्रण कक्षात आणि इतर बंबांवरही ते ऐकू जाते. हुकूम ‘आत जा’ असा असेल आणि तुम्हाला धोका डोळ्यांनी दिसत असेल, तर ‘साहेब, मी या बाजूने जाणार नाही, दुसरे काम द्या’ असे स्पष्ट म्हणावे. गुपचूप मागे राहू नये, कारण तुम्ही आत आहात असे समजून पुढचा माणूस पाऊल टाकतो. हुकूम ‘बाहेर थांबा’ असा असेल तर थांबावे, मन कितीही ओढो. आणि परत आल्यावर, आंघोळीच्याही आधी, केंद्रावरील नोंदवहीत आपण काय पाहिले, किती वाजता, कोणाला सांगितले, ते आपल्या अक्षरात लिहून सही करावी. त्या भिंतीच्या दिवशी मी तेवढेही केले नव्हते; त्या तारखेच्या पानावर माझ्या अक्षरात फक्त बंब निघाल्याची आणि परतल्याची वेळ आहे.